डोकं गेलेला स्क्रू गाडीच्या भागाला इजा न करता कसा काढायचा

ब्रेक डिस्कवरचा सीएसके (पृष्ठभागात बुडून बसणाऱ्या डोक्याचा) स्क्रू, दाराचं कुलूप अडकतं त्या स्ट्रायकरचा स्क्रू, इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीवरच्या सेन्सरचा छोटा टॉर्क्स (सहा टोकांच्या खाचेचा स्क्रू), नंबर प्लेट, चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिकचं अस्तर. गाडीत स्क्रू स्लिप होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पुण्यात जून ते सप्टेंबर यातल्या बऱ्याच जागा ओल्याच राहतात, वर वॉशिंग सेंटरचा फवारा. गाडी अधूनमधून दापोली-अलिबागला जात असेल तर खाऱ्या हवेची भर. आटे धरून बसतात ते यामुळे.

खाच मात्र क्वचितच गंजाने जाते. ती जाते चुकीच्या बिटने आणि कमी दाबाने. बिट एकदा उसळलं की खाचेच्या कडेचं थोडं लोखंड खरवडून निघतं, पुढच्या प्रयत्नाला पकड आणखी कमी मिळते, मग माणूस चिडून जोर वाढवतो. तीन-चार वेळा असं झालं की दहा मिनिटांचं काम दिवसभराचं होतं. म्हणून खालच्या क्रमात शिल्लक खाच खर्च न करता जे करता येतं ते आधी घेतलं आहे. आणि एक हिशेब शेवटपर्यंत डोक्यात ठेवावा: स्क्रू नाना पेठेत नवा मिळतो, तो मेला तरी चालेल. ज्या भागात तो बसलाय त्या भागाचे आटे जाता कामा नयेत.

लक्षणं: नेमकं काय गेलंय

पुन्हा बिट लावण्याआधी टॉर्च मारून डोकं नीट बघा. ‘स्क्रू गेलाय’ या एकाच तक्रारीखाली वेगवेगळे बिघाड असतात.

- बिट बसतं, पण जोर लावला की वर उसळतं. खाचेच्या कडा चकचकीत झाल्यात, फुली अजून ओळखू येते. यातले बहुतेक पहिल्या तीन-चार तपासण्यांतच निघतात.
- फुलीच्या जागी गोल खड्डा उरलाय. बिट कुठेच अडत नाही. इम्पॅक्ट ड्रायव्हर, छिन्नी किंवा ड्रिल.
- बिट घट्ट बसलंय, पण स्क्रू हलत नाही. हा स्क्रू गेलेला नाही, धरलेला आहे. जोर इथेच थांबवा आणि थेट तेल आणि हातोडीच्या भागाकडे जा. वाचवता येण्यासारखा स्क्रू याच टप्प्यावर सर्वाधिक वेळा वाया जातो.
- स्क्रू गोल गोल फिरतो, बाहेर येत नाही. खाचेचा दोष नाही. आटे गेलेत किंवा मागचा नट सोबत फिरतोय. याचं शेवटी वेगळं लिहिलंय.
- डोकं तुटलंय, दांडी आत राहिलीय.

हात लावण्याआधी

भाग कशाचा आहे ते बघा. बिडाच्या किंवा पोलादी हबवर हातोडी चालते. ॲल्युमिनियमच्या थ्रॉटल बॉडीचा कान एका फटक्यात तुटतो. हेडलॅम्पच्या प्लॅस्टिकला तर हातोडी दाखवूही नये. आट्यांच्या कडेला निळा किंवा लाल वाळलेला पदार्थ दिसत असेल तर तो थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावतात तो डिंक. निळा, म्हणजे लॉकटाइट २४३ च्या जातीचा, हाताच्या हत्यारांनी सुटतो. लाल, म्हणजे २७१ च्या जातीचा, साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्याशिवाय सहसा दाद देत नाही.

दिशा एकदा बोटाने फिरवून ठरवा. गाडीखाली पडून, डोक्याच्या वर हात करून काम करताना डावं-उजवं उलटं वाटतं आणि माणसं स्क्रू सोडवायच्या नादात आवळत बसतात. डोक्याकडून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवलं की सुटतो.

चाकाजवळ काम असेल तर गाडी जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीवर हातोडी चालवायची नाही, आणि जमिनीवर असलेल्या चाकांना ठोकळे लावल्याशिवाय सुरुवात नाही.

१. खाच साफ करा

फुकटचं काम, आणि सगळ्यात जास्त वेळा टाळलं जाणारं. रस्त्याची धूळ, ब्रेकची काळी भुकटी आणि अंडरकोटिंग खाचेच्या तळाशी दगडासारखं घट्ट बसतं. बिट मग अर्ध्या खोलीवर टेकतं आणि फक्त वरच्या कडांवर जोर येतो, त्या कडा तर सगळ्यात कमकुवत. जाड सुई किंवा टोकदार स्क्राइबरने चारही कोपरे खरवडा, जुना टूथब्रश फिरवा, ब्रेक क्लीनर मारून पुसा. तळाचं चकाकतं लोखंड दिसेपर्यंत.

२. बिट त्याच जातीचं आहे का

गॅरेजमध्ये ज्याला सरसकट ‘स्टार’ म्हणतात त्या फुलीत तीन जाती आहेत. फिलिप्स, जपानी जेआयएस आणि पोझिड्राइव्ह. जपानी उगमाच्या गाड्यांत आणि दुचाकींत जेआयएस स्क्रू सर्रास भेटतात. बऱ्याचदा डोक्यावर एका बाजूला बारीक टिंब असतं. फिलिप्सचं टोक जेआयएस खाचेत तळाला आधी टेकतं आणि पाती कडांना पूर्ण भिडत नाहीत. जेआयएस बिट मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर चांगल्या फिलिप्स बिटचं टोक ग्राइंडरवर अर्धा मिमी सपाट करा, बिट पाण्यात बुडवत बुडवत, म्हणजे तापून त्याचा कडकपणा उतरणार नाही. तेवढ्याने ते खोल बसतं. पोझिड्राइव्हच्या डोक्यावर फुलीच्या हातांच्या मधल्या जागांत चार बारीक रेघा जादा असतात. त्यात फिलिप्स घातलं की उसळणारच.

मापही तितकंच महत्त्वाचं. एम ३ ते एम ५ (एम पुढचा आकडा म्हणजे दांडीचा मिमीमधला व्यास) स्क्रूला २ नंबर, एम ६ ला ३ नंबर. घरच्या किटमध्ये बहुधा २ नंबरच असतो आणि डिस्कच्या एम ६ स्क्रूवर तोच चालवला जातो. डिस्कचे सीएसके स्क्रू फुकट जाण्याचं मोठं कारण हेच. टॉर्क्समध्ये टी २५ च्या खाचेत टी २० आत जातं, जोर लावला की कोपरे खातं. ॲलनमध्ये, म्हणजे षटकोनी खाचेत, ५ मिमीच्या जागी ३/१६ इंचाची की, जी ४.७६ मिमी भरते, सुरुवातीला ठीक वाटते आणि मग गोल करून टाकते.

तपासणी सोपी आहे: बिट खाचेत ठेवून बोटाने हलवा. डुगडुगलं तर ते बिट त्या स्क्रूचं नाही, किंवा झिजलंय. झिजलेल्या बिटची टोकं गोलसर, चकचकीत दिसतात. असं बिट पेटीत परत ठेवू नये, फेकावं.

३. दाब आणि सरळ रेघ

फुलीच्या खाचेच्या भिंती तिरक्या असतात, त्यामुळे पिळाचा काही भाग बिटला आपोआप वर ढकलतो. तो दाबून धरण्यासाठी जोरातला मोठा वाटा दाबायला, उरलेला फिरवायला. बिट स्क्रूच्या रेषेत हवं; पाच अंश तिरकं झालं तरी एकच कड जोर घेते. मानेजवळ षटकोनी जागा असलेला स्क्रू ड्रायव्हर असेल तर तळहाताने किंवा खांद्याने दाबून पान्याने फिरवा. जागा असेल तर दोघांनी करा: एक फक्त दाबेल, दुसरा फक्त फिरवेल. बॅटरीवरचा ड्रिल-ड्रायव्हर इथे नको. तो उसळायला लागला की ट्रिगर सोडेपर्यंत खाच साफ होते.

४. पकड वाढवणारे उपाय

व्हॉल्व्ह बसवायला वापरतात ती ग्राइंडिंग पेस्ट शेंगदाण्याएवढी खाचेत भरा आणि मग बिट दाबा. तिच्यातले कठीण कण बिट आणि खाच दोघांत रुततात. छोटी डबी स्वस्त असते आणि वर्षानुवर्षं पुरते. काम झाल्यावर पुसून काढा. हे कण बेअरिंगमध्ये किंवा थ्रॉटलच्या नळीत जाता कामा नयेत.

रबर बँडचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. डॅशबोर्डच्या आतल्या, प्लॅस्टिकमध्ये बसलेल्या हलक्या स्क्रूवर तो कधीकधी लागू पडतो. धातूत धरलेल्या स्क्रूवर नाही. रबर बिटला खोल जाऊच देत नाही आणि उरलेली पकडही घालवतं.

डोकं पृष्ठभागापासून २-३ मिमी वर असेल, जसं पॅन हेड किंवा नंबर प्लेटचा स्क्रू, तर खाचेचा नाद सोडा. लॉकिंग प्लायर (आवळून अडकून राहणारी पक्कड) डोक्यावर आडवी घट्ट आवळून हळू फिरवा. इथे खाच असली-नसली सारखीच. रंगलेल्या पत्र्याजवळ काम असेल तर आधी मास्किंग टेपचे दोन थर.

५. तेल, वेळ, हातोडी

क्रम हाच. तेल मारून लगेच पिळायला घेणं म्हणजे तेल न मारणं. गंज सोडवणारा फवारा, मग तो डब्ल्यूडी ४० असो की रस्टोलीन, स्क्रूच्या कडेने आणि शक्य असेल तर मागच्या बाजूने बाहेर आलेल्या आट्यांवर मारा. १५-२० मिनिटं थांबा, परत मारा. फार धरलेल्या स्क्रूला रात्रभर द्या.

मधल्या वेळात सपाट टोकाचा पंच डोक्यावर ठेवून हातोडीचे तीन-चार नेटके ठोके. गंज ठिसूळ असतो. ठोक्याने आट्यांमधला त्याचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते. दुसरा फायदाही होतो: खाचेच्या विस्कटलेल्या कडा आत दबतात. त्यानंतर योग्य बिट खाचेत ठेवून वरून एक ठोका द्या, ते नव्याने बसतं. हबवर ठोके मोजकेच असावेत, कारण त्यांचा धक्का व्हील बेअरिंगच्या गोळ्यांपर्यंत जातो. घण नाही, अर्धा किलोची हातोडी.

तेल डिस्कच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर किंवा पॅडवर उडालं तर डिस्क ब्रेक क्लीनरने धुवा. तेल प्यायलेलं पॅड बदलावंच लागतं. म्हणून आधी कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उतरवून तारेने टांगून ठेवा. नळीवर लोंबकळत ठेवू नका.

६. हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर

डिस्कच्या सीएसके स्क्रूसाठी याच्याइतकं उपयोगी हत्यार दुसरं नाही. जाड लोखंडी मूठ, पुढे बिट, मागून हातोडी मारली की आतला तिरका खोबणीचा भाग तो फटका दाबात आणि पिळात वाटून देतो. म्हणजे बिट ज्या क्षणी फिरतं त्याच क्षणी सर्वात जोरात दाबलेलंही असतं. उसळायला सवडच मिळत नाही. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत साधा सेट हजार रुपयांच्या आत मिळतो. जुन्या बाजारातही दिसतो, पण तिथे घ्यायचा तर बिटांची टोकं बघून घ्या.

वापरताना चुकतं ते असं. दिशा बदलायची कडी आवळण्याच्या बाजूला राहते आणि दहा फटके स्क्रू आणखी आवळण्यात जातात. तेव्हा आधी हवेत मूठ दाबून बिट कुठे फिरतं ते बघा. मग बिट खाचेत ठेवून मूठ हाताने सुटण्याच्या दिशेला पिळून धरा, आतला ढिलेपणा संपला पाहिजे. किलोभर वजनाच्या हातोडीने एक पूर्ण फटका. घाबरत मारलेले हलके फटके खाच खातात आणि स्क्रू हलत नाही. दोन-तीन चांगल्या फटक्यांत तो पाव फेरा सरकला की पुढचं काम साध्या स्क्रू ड्रायव्हरने करा. डोळ्यांवर चष्मा हवा; पोलादी बिटचा तुकडा उडतो.

डिस्क फिरू नये म्हणून चाकाचे दोन नट मागे जाड वॉशर घालून हलके आवळा आणि मोठा पहार त्यात अडकवून जमिनीला टेकवा.

थ्रॉटल बॉडी, सेन्सर, हेडलॅम्प, मीटर कन्सोल, एअरबॅगच्या आसपासचं काहीही: इथे हे हत्यार वर्ज्य.

७. छिन्नी, करवत आणि ठोकलेला टॉर्क्स

सीएसके डोक्याची खाच पूर्ण गोल झाली असेल आणि भाग बिडाचा असेल, तर डोक्याच्या कडेपासून जरा आत धारदार छिन्नीने सरळ खाली एक खाच पाडा. मग छिन्नी सुटण्याच्या दिशेला तिरकी करून त्याच खाचेत ठोका. ओबडधोबड उपाय आहे, पण डिस्कच्या बाबतीत बऱ्याचदा काम करतो.

डोकं वर असेल पण प्लायरला जागा नसेल, तर छोट्या रोटरी टूलने १ मिमी जाडीच्या चकतीने आडवी खाच कापा आणि रुंद सपाट बिट वापरा. खोली डोक्याच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त नको, नाहीतर पिळताना डोकं दोन तुकड्यांत फुटतं. पेट्रोलची टाकी किंवा नळी जवळ असेल तर ठिणग्या उडवायच्या नाहीत, हॅक्सॉचं पातं हातात धरून कापा.

ॲलनचं षटकोन गोल झालं असेल तर किंचित मोठं टॉर्क्स बिट ठोकून बसवा: ४ मिमीच्या भोकात टी २५, ५ मिमीत टी ३०, ६ मिमीत टी ४०. त्याची टोकं नव्याने जागा कोरून घेतात. हे बिट नंतर स्क्रूतून सहज निघत नाही, तेव्हा स्वस्तातलं वापरा. ठोकण्यायोग्य भाग असेल तरच, हे पुन्हा सांगायला नको.

८. उष्णता

ॲल्युमिनियममधल्या पोलादी स्क्रूवर हातोडीपेक्षा हीट गन बरी. दोन वेगळे धातू आणि पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आटे आवळून धरते. तापवल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. एम ६ च्या भोकात ८० अंशांच्या वाढीने जेमतेम ५ मायक्रॉनचा फरक पडतो, पण त्या थराची पकड मोडायला तो पुष्कळदा पुरतो. म्हणून स्क्रूवर नाही, भोवतालच्या भागावर गरम हवा मारा. ८० ते १२० अंश पुरे. गरम असतानाच फिरवा. नाही हलला तर थंड होऊ द्या, तेल द्या, मुरल्यावर पुसून परत तापवा.

तापवण्याआधी उडालेलं तेल पुसून कोरडं करा, ते पेट घेतं. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर ओला असताना तापवला तर विषारी फॉस्जीन वायू होतो. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा, आणि कुठलाही असला तरी पूर्ण वाळू द्या. रबरी सील, वायरिंग, ब्रेकची नळी, इंधनाची नळी जवळ असेल तर ज्योत अजिबात नाही. लाल थ्रेडलॉकरसाठी लागणारे २५० अंश हे सील नसलेल्या, सुट्या काढून टेबलावर ठेवलेल्या भागासाठीच.

९. ड्रिलने डोकं उडवणं

इथून मागे फिरता येत नाही, म्हणून हे उशिरा. पण भाग स्क्रूच्या डोक्याखाली दाबला गेलेला असेल, जसं डिस्क किंवा एखादी क्लॅम्प, तर मला एक्स्ट्रॅक्टरपेक्षा हाच मार्ग पटतो. आवळलेल्या स्क्रूचा ताण डोकं आणि आटे यांच्यात अडकलेला असतो. डोकं उडालं की तो ताण संपतो. भाग सरळ बाहेर येतो, आणि उघडी पडलेली दांडी लॉकिंग प्लायरने धरली की अनेकदा आश्चर्य वाटावं इतकी सहज फिरते.

डोक्याच्या बरोबर मध्यभागी सेंटर पंच मारा. गोल झालेली खाच इथे उपयोगाला येते, ड्रिलला आपोआप मध्य मिळतो. एम ६ स्क्रूसाठी ३ मिमीने सुरुवात, मग ५, मग ६.५. डोक्याच्या जाडीपुरतंच खाली जायचं; बिटवर टेप गुंडाळून खूण करा. डोकं सुटून बिटवर कडीसारखं फिरायला लागलं की थांबा. वेग कमी, दाब सलग, तेलाचे थेंब चालू. चकचकीत स्टेनलेस स्क्रूवर बिट नुसतं घासत राहिलं तर पृष्ठभाग कडक होतो आणि मग कापलाच जात नाही. काळ्या ॲलन बोल्टच्या डोक्यावर १२.९ लिहिलेलं असेल, म्हणजे तो फार कठीण पोलादाचा असेल, तर नेहमीच्या एचएसएस (हायस्पीड स्टीलच्या) बिटचा निभाव लागणं कठीण, कोबाल्टचं घ्या.

उलट्या आट्याचं, म्हणजे डावं फिरणारं ड्रिल बिट मिळालं तर तेच वापरा आणि ड्रिल उलट फिरवा. बऱ्याचदा कापता कापताच बिट स्क्रूला पकडतं आणि तो बाहेर येतो.

१०. एक्स्ट्रॅक्टर, आणि त्याच्यावर भरवसा का ठेवू नये

दांडीत भोक पाडून उलट्या पिळाचा एक्स्ट्रॅक्टर ठोकायचा आणि फिरवायचा, ही कल्पना छान आहे. अडचण साध्या गणिताची. एम ६ च्या दांडीत ३ ते ३.५ मिमीचं भोक पडतं, त्यात बसणारा एक्स्ट्रॅक्टर दांडीपेक्षा बराच बारीक असतो. जो स्क्रू आटे धरल्यामुळे पिळून तुटलाय तो याहून बारीक आणि ठिसूळ हत्याराने फिरेल कसा? शंकूच्या आकाराचा पिळाचा एक्स्ट्रॅक्टर वर दांडीला आतून फुगवतो आणि आटे आणखी आवळतो. सरळ खाचांचा त्या मानाने बरा.

एक्स्ट्रॅक्टर वापरायचा तो फक्त जिथे डोकं गेलंय पण आटे मोकळे आहेत अशी खात्री असेल तिथे. हाताने टॅपच्या (भोकात आटे पाडायच्या हत्याराच्या) मुठीनेच फिरवा, रॅचेटने नाही. लवचीक, स्प्रिंगसारखं जाणवायला लागलं की सोडा. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही, आणि मग भोसरी-चिंचवडच्या एखाद्या टूल रूममध्ये भाग नेऊन स्पार्क इरोजनने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी, जाळून काढावा लागतो.

फिरतो पण निघत नाही

नंबर प्लेट, बंपर आणि चाकाच्या अस्तरात स्क्रू प्लॅस्टिकच्या बुचात किंवा पत्र्याच्या क्लिप नटमध्ये बसतो. नट सोबत फिरत असेल तर मागून पक्कडीने धरा. मागे हात पोचत नसेल तर डोक्याखाली ट्रिम काढायची प्लॅस्टिकची पट्टी घालून हलकं उचलून धरा आणि फिरवत राहा. ओढलेल्या आट्याला पकड मिळते. तरीही नाही, तर डोकं ड्रिलने उडवा आणि नवी क्लिप टाका.

ॲल्युमिनियममधले आटे गेले असतील तर काढताना हीच ओढण्याची युक्ती, पण नंतर दुरुस्ती लागेल. आटे नुसते खराब असतील तर टॅप फिरवून बघा. पूर्ण गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवायची आट्यांची तारेची गुंडाळी: एम ६ ला साधारण ६.३ मिमीचं ड्रिल आणि त्याच किटमधला खास टॅप. नुसते नवे आटे पाडायचे झाले तर एम ५ ला ४.२, एम ६ ला ५ आणि एम ८ ला ६.८ मिमीचं भोक.

इथे थांबा

एअरबॅग, स्टिअरिंग, सीट बेल्टचे नांगर, कॅलिपरचे मुख्य बोल्ट, इंधनाची रेल, इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी वायरींच्या आसपासचं काहीही: स्लिप झाल्याबरोबर थांबा, पहिल्या तपासणीपासूनच हे घरचं काम नाही. ब्रेकमधली हवा काढायचं ब्लीडर निपल गोल झालं तर ब्रेकचं काम करणाऱ्याकडे न्या. तुटलं तर कॅलिपरच जाण्याची वेळ येऊ शकते.

बाकी ठिकाणी पुढच्यापैकी काहीही दिसलं की हत्यार खाली ठेवा. ड्रिल मध्यावरून सरकून भागाच्या आट्यांत शिरायला लागलंय. ॲल्युमिनियमच्या कानाला केसासारखी भेग दिसतेय. बिट किंवा एक्स्ट्रॅक्टर आत तुटलाय. दांडी पृष्ठभागाच्या आत तुटली आहे आणि इंजिनमध्ये चुरा पडण्याची शक्यता आहे. यापुढचं काम टर्नर किंवा चांगल्या मिग वेल्डिंगवाल्याचं. तो दांडीवर नट ठेवून आतून वेल्ड भरतो. पोलादाचा वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे भाग वाचतो, आणि वेल्डच्या उष्णतेने आटेही सुटतात. भाग गाडीवरच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा आणि अर्थची क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावायला सांगा. टर्नरकडे जाताना तुम्ही किती वेळा काय ठोकलंत ते खरं सांगा, त्याचा अर्धा वेळ वाचतो. गाडी वॉरंटीत असेल तर ड्रिलपर्यंत जाऊच नका.

नवा स्क्रू बसवताना

जुना परत लावू नका, खाच थोडी जरी गेली असली तरी. लांबी, आट्यांमधलं अंतर (पिच) आणि डोक्याचा आकार जुळणारा घ्या. जुना स्क्रू सोबत नेलात तर नाना पेठेत दुकानदार समोर ठेवून जुळवून देतो. भोकात टॅप किंवा तारेचा ब्रश फिरवून भुकटी काढा, आट्यांवर अँटी सीझचा (आटे धरू न देणाऱ्या पेस्टचा) पातळ थर. ॲल्युमिनियमसाठी तांब्याऐवजी निकेल किंवा सिरॅमिकवालं बरं. आट्यांना वंगण असलं की तेवढ्याच पिळात स्क्रू जास्त ताणला जातो, तेव्हा मॅन्युअलमधल्या आकड्याच्या पुढे जायचं नाही. मूळचा स्क्रू थ्रेडलॉकर लावलेला असेल तर अँटी सीझ नको, निळं थ्रेडलॉकर.

डिस्कचा स्क्रू चाक बसवेपर्यंत डिस्क जागेवर धरायला असतो. ब्रेकचा भार चाकाचे बोल्ट किंवा नट घेतात. त्याला एम ६ साठी साधारण १० न्यूटन मीटर पुरे, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाचा एक आवळ. स्क्रू निघूनही डिस्क हबला चिकटलेली असेल तर तिच्यावर आट्याची दोन भोकं आहेत का बघा, बहुतेक एम ८ ची असतात. दोन्हींत बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा, डिस्क समांतर बाहेर येते. एकाच बाजूने आवळली तर ती हबवर तिरकी अडकते. परत बसवण्याआधी हबचा गंज तारेच्या ब्रशने काढा. तिथे राहिलेली खपली डिस्क तिरकी बसवते आणि पुढे ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरतं.